शुगर निघाली? गावात राहून उपचार कसे सुरू करायचे आणि कसे टिकवायचे

तपासणीत शुगर निघाली की आमच्या भागात माणसं दोन तऱ्हांनी वागतात. काही जण त्याच संध्याकाळी भात सोडतात, कारल्याचा रस सुरू करतात आणि आठवडाभरात कंटाळतात. बाकीचे कागदाची घडी करून ती रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवतात आणि पायाला जखम होईपर्यंत बाहेर काढत नाहीत.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात राहतो. बाबांची शुगर बरीच वर्षं सांभाळली, आता माझीही आहे. मी डॉक्टर नाही. गोळी कोणती, किती घ्यायची हे डॉक्टरच ठरवतील. दवाखान्यात कसं जायचं, काय विचारायचं, घरी काय सांभाळायचं आणि लोक कुठे फसतात, एवढं इथे लिहितो. माझं मत आधीच सांगतो: वर्षातून एकदा नागपूरच्या मोठ्या डॉक्टरला दाखवून येण्यापेक्षा दर महिन्याला जवळच्या सरकारी दवाखान्यात जाणारा माणूस बरा राहतो.

१. आधी पक्कं करून घ्या

शिबिरात बोट टोचून आलेला आकडा हा इशारा असतो. पक्कं निदान प्रयोगशाळेत हातातून रक्त काढून होतं. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा:

- उपाशीपोटी १०० च्या खाली ठीक, १०० ते १२५ म्हणजे उंबरठ्यावर, १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेह.
- ग्लुकोज पाजून दोन तासांनी २०० किंवा जास्त म्हणजे मधुमेह.
- एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी) ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा, ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेह.

सारखी लघवी, खूप तहान, वजन उतरणं असा त्रास नसेल तर एका आकड्यावर शिक्का मारत नाहीत, तपासणी दुसऱ्यांदा करतात. उपाशीपोटी म्हणजे किमान आठ तास काही खायचं नाही. पाणी चालतं, चहा चालत नाही, बिनसाखरेचा काळा चहासुद्धा नाही. जेवणानंतरची तपासणी पहिल्या घासापासून दोन तासांनी करतात. स्टँडवर पोहे-तर्री खाऊन पाऊण तासात रक्त द्यायला बसलात तर आकडा फुगलेलाच येणार.

आपल्याकडची एक गोष्ट मात्र मुद्दाम सांगायला हवी. विदर्भात, विशेषतः पूर्वेकडच्या जिल्ह्यांत, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) बराच आहे. ज्यांना सिकलसेल आहे किंवा जे वाहक आहेत, त्यांची एचबीएवनसी फसवी येऊ शकते. रक्त खूप कमी असेल तरी हाच घोळ होतो. घरात कोणाला सिकलसेल असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, म्हणजे ते उपाशी आणि जेवणानंतरच्या आकड्यांवर भर देतील. तुम्ही सांगितलं नाही तर कोणी विचारेलच असं नाही.

लहान मूल किंवा बारीक तरुण पोरगा झपाट्याने वाळत असेल, रात्रीतून चार वेळा लघवीला उठत असेल, तर त्याची शुगर वेगळ्या प्रकारची असू शकते. तिथे गोळ्या-पथ्याचा खेळ करत बसू नका, त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. अशा पोराला इन्सुलिनच लागतं आणि ते बंद करता येत नाही.

२. कुठे जायचं आणि सोबत काय न्यायचं

सुरुवात गावच्या आशाताईपासून करा. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची शुगर आणि बीपी तपासण्याची सरकारी मोहीम आहे आणि आशाताई त्यात काम करते. उपकेंद्रावर आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ अशी पाटी दिसेल. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी बसतात, लोक त्यांना सीएचओ म्हणतात. निदान आणि गोळ्या बहुतेक प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात सुरू होतात. एकदा गोळ्या बसल्या की त्या उपकेंद्रातून मिळतील का, हे विचारून घ्या. तालुक्याची फेरी वाचते.

राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं, म्हणजे नागपूरचं मेडिकल किंवा मेयो, वेगळ्या विभागाकडे येतात, तिथे चिठ्ठीचे आणि तपासण्यांचे पैसे लागू शकतात. फुले जन आरोग्य योजनेबद्दलही लोकांचा गैरसमज आहे. ती भरती झाल्यावर कामाला येते, महिन्याच्या गोळ्या तिच्यातून मिळत नाहीत.

पिशवीत ठेवा:

- आधार कार्ड, रेशनकार्ड आणि आधारला जोडलेला मोबाइल (आभा क्रमांक, म्हणजे सरकारी आरोग्य खात्याचा नंबर, काढायला)
- जुने सगळे रिपोर्ट, तारखेप्रमाणे लावून
- चालू गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या. नुसतं ‘पांढरी गोल गोळी’ म्हणून डॉक्टरला काही कळत नाही
- शंभर पानी वही
- जेवणाचा डबा, कारण उपाशी रक्त दिल्यावर जेवून दोन तास थांबावं लागतं

सकाळच्या पहिल्या एसटीने निघा. बायांना अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरच्या पुढच्यांना प्रवास फुकट आहे, तेव्हा आईला न्यायला भाड्याचं कारण सांगू नका. सोयाबीन काढणी किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडते, हे खरं आहे. त्यावर उपाय एवढाच की हंगाम लागायच्या आधी जाऊन यायचं आणि जास्त दिवसांच्या गोळ्या मागायच्या.

गोळ्या संपायच्या पाच-सहा दिवस आधी जा. साठा संपल्याचं उत्तर कधी ना कधी मिळतंच. तसं झालं तर चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून मागा आणि जन औषधी केंद्रातून घ्या. मेटफॉर्मिन ही मुळातच स्वस्त गोळी आहे, तिच्यासाठी कर्ज काढावं लागत नाही.

३. गोळ्या

पहिली गोळी बहुधा मेटफॉर्मिनच असते. ती जेवणासोबत किंवा जेवणानंतर घ्यायची. सुरुवातीला गॅस, मळमळ, पातळ संडास होऊ शकते. बहुतेकांचं ते एक-दोन आठवड्यांत थांबतं. नाही थांबलं तर डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा हळूहळू विरघळणारी गोळी देतात. त्रास झाला म्हणून परस्पर बंद करू नका. ती वर्षानुवर्षं चालू असेल तर कधीतरी बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या, ते कमी होऊ शकतं आणि पायाला मुंग्या आल्या की दोष फक्त शुगरवर जातो.

दुसरी नेहमीची गोळी ग्लिमेपिराइड. ही जेवणाआधी किंवा पहिल्या घासासोबत घेतात, आणि एकदा घेतली की जेवायचंच. ‘गोळी घेतली, आता डबा शेतात गेल्यावर खातो’ हे या गोळीला चालत नाही, शुगर खाली पडते. डापाग्लिफ्लोझिन असेल तर लघवी जास्त होते. उन्हाळ्यात पाणी भरपूर प्या आणि लघवीच्या जागी खाज आली तर लाजू नका, सांगा.

आता लोक जिथे सापडतात त्या जागा:

‘रिपोर्ट नॉर्मल आला, आता गोळी कशाला?’ आमच्या पारावर हे वाक्य सगळ्यात जास्त ऐकू येतं. रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळे. वजन उतरवून, खाणं बदलून काहींच्या गोळ्या कमी होतात, पण कमी करायच्या त्या डॉक्टरने, आकडे बघून.

शेजारच्याची गोळी. त्याला किडनीचा त्रास नसेल, तुम्हाला असेल.

बाजारात मिळणारी झाडपाल्याची पूड. ‘शंभर टक्के मुळापासून बरी’ म्हणणाऱ्याकडे बिल मागून बघा. अशा पुडीत काय मिसळलंय ते कोणालाच माहीत नसतं. गुडघेदुखीच्या पुडीत तर स्टेरॉइड निघतं आणि त्याने शुगर भडकते. मेथी, कारलं भाजी म्हणून खा, गोळीच्या जागी नको.

आणि सलाईन. अंग गळालं की आमच्याकडे पहिलं वाक्य ‘एक बाटली लावून द्या डॉक्टर’. त्या बाटलीत पुष्कळदा ग्लुकोज असतं. सुई टोचायच्या आधी मोठ्याने सांगा, ‘मला शुगर आहे.’

४. इन्सुलिन सांगितलं तर

इन्सुलिन म्हणजे शेवट आला, असं समजून लोक गोळ्यांवरच वर्षं ढकलतात आणि तोवर डोळे जातात. अंगात तयार होणारं कमी पडलं की ते बाहेरून द्यायचं, इतकाच त्याचा अर्थ. शिकायला दोन दिवस लागतात. सिस्टरसमोर स्वतःच्या हाताने एकदा टोचून दाखवल्याशिवाय दवाखान्यातून निघू नका.

सिरिंज नीट बघा. आपल्याकडच्या नेहमीच्या इन्सुलिनच्या बाटलीवर ४० लिहिलेलं असतं, तिला लाल टोपणाची सिरिंज. १०० लिहिलेल्या बाटलीला केशरी टोपणाची. अदलाबदल झाली तर घोटाळा होतो: शंभरच्या बाटलीतून लाल टोपणाच्या सिरिंजने वीस ओढलं की अंगात पन्नास जातं. मेडिकलवाल्याने काय दिलं ते काउंटरवरच वाचा.

साठवण हा आपला खरा प्रश्न. फ्रीज नाही, असला तर लाइट नाही, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात. त्या दवाखान्याच्या किंवा मेडिकलच्या फ्रीजमध्ये राहू द्या आणि घरी एकेकच आणा. उघडलेली बाटली थंड जागी साधारण चार आठवडे चालते. त्यासाठी दोन मडकी घ्या. मोठ्यात लहान ठेवा, मधल्या फटीत वाळू भरा, सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी शिंपडा, वर ओलं फडकं टाका. बाटली डबीत बंद करून आतल्या मडक्यात ठेवायची. मडकी घरातल्या वारा खेळणाऱ्या सावलीच्या कोपऱ्यात असावीत. बाटली बर्फात ठेवायची नाही, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. दुधाळ इन्सुलिन टोचण्याआधी बाटली दोन तळव्यांत हळूच फिरवा, जोरात हलवू नका. टोचायची जागा रोज थोडी सरकवत जा, नाहीतर तिथे गाठ धरते आणि औषध नीट शोषलं जात नाही.

५. जेवण: काय सोडायचं, काय नाही

‘ज्वारीने शुगर वाढत नाही’ हे चूक. ज्वारीनेही वाढते, पांढऱ्या भातापेक्षा जरा धीम्याने वाढते. तीन भाकरी खाऊन ‘मी तर ज्वारीच खातो’ म्हणण्यात काही हशील नाही. ताटाचा हिशेब असा ठेवा: अर्धं ताट भाजी, पाव ताट वरण, उसळ, अंडी किंवा मासे, आणि पाव ताटात भाकर, पोळी किंवा भात यांपैकी एक. आपल्या ताटात नेमकं उलटं असतं. भाकरीचा ढीग आणि कडेला चमचाभर भाजी.

भाजीत आलू धरायचा नाही, तो भाकरीच्या बाजूचा. अंबाडी, मेथी, पालक, चवळी, वांगी, दोडके, भेंडी, काकडी, मुळा ही खरी भाजी. आमच्याकडे अंबाडीत ज्वारीच्या कण्या आणि लसणाची फोडणी घालतात. कण्या मूठभरच घातल्या तर ती वाटीभर भाजी अर्ध्या ताटाचं काम करते. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे भात सुटणार नाही, सोडायला सांगतही नाही. तिथे भात एक वाटी मोजून घ्या, आणि आधी भाजी-वरण खाऊन मग भाताला हात लावा. रेशनचा तांदूळ घरात पडून आहे म्हणून दोन्ही वेळा भातच शिजतो, ही अडचण मला मान्य आहे. निदान एका वेळेला तूर, मूग, चना यांचं प्रमाण वाढवा.

चहाकडे बघा. कपात दोन चमचे साखर, दिवसाला पाच कप, म्हणजे दहा चमचे साखर. शेतावर, सोयऱ्यांकडे, ग्रामपंचायतीत, ‘अर्धाच घ्या’ म्हणत म्हणत. आधी एक चमचा, मग अर्धा, मग बिनसाखरेचा. गूळ घातला म्हणून सुटका नाही, शुगरला गूळ आणि साखर सारखेच.

संत्रा खा, एक खा, सोलून खा. रस काढून पिऊ नका. आमरस, उसाचा रस, थंड पेयाच्या बाटल्या बंद. उन्हाळ्यात ताक आणि साधं पाणी.

खर्रा आणि तंबाखूही इथेच सांगतो. तंबाखूने रक्तवाहिन्या आवळतात, शुगरनेही त्याच खराब होतात. ही जोडी जमली की पाय कापावा लागण्याचा धोका वाढतो. दारूचं असं की रिकाम्या पोटी दारू आणि वर ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन असेल तर रात्री झोपेतच शुगर खाली जाते, आणि घरचे समजतात पिऊन पडलाय.

‘शेतात राबतो, व्यायाम कशाला?’ हंगामात ठीक. पण फाल्गुन ते ज्येष्ठ खाटेवर कोण असतं? त्या महिन्यांत पहाटे, ऊन चढायच्या आत, अर्धा तास भरभर चाला. आठवड्यातून पाच दिवस पुरे.

६. घरचं ग्लुकोमीटर

सगळ्यांना लागत नाही. फक्त मेटफॉर्मिनवर असाल आणि आकडे स्थिर असतील तर महिन्याची तपासणी पुरते. इन्सुलिन घेणाऱ्याकडे मात्र हवंच. मशीन स्वस्त असतं, पट्ट्या महाग. म्हणून मशीन घेताना त्याच्या पट्ट्या आपल्या तालुक्यात मिळतात का ते आधी बघा.

हात साबणाने धुऊन कोरडे करा. संत्रा सोलून तसंच बोट टोचलं तर सालीचा, रसाचा गोडवा पट्टीवर जातो आणि १४० च्या जागी भलताच आकडा दिसतो, घरात धावपळ होते. बोटाच्या टोकाला टोचू नका, बाजूला टोचा, दुखणं कमी. पट्ट्यांची डबी लगेच बंद करा आणि टिनाच्या छपराखालच्या फळीवर ठेवू नका, उष्णतेने पट्ट्या बिघडतात. प्रयोगशाळेच्या आणि मशीनच्या आकड्यात थोडा फरक राहतो, त्यावरून भांडू नका.

वहीत तारीख, वेळ, जेवणाआधी की नंतर, आकडा, आणि त्या दिवशी वेगळं काय झालं ते लिहा. बहुतेकांसाठी उपाशीपोटी ८० ते १३०, जेवणानंतर १८० च्या आत आणि एचबीएवनसी ७ च्या आसपास हे लक्ष्य असतं. म्हाताऱ्या माणसासाठी डॉक्टर ते ढिलं ठेवतात. वयस्कर बाबांना तरुणाच्या आकड्यावर ओढू नका.

७. शुगर खाली गेली तर

७० च्या खाली म्हणजे कमी. हातपाय कापणं, घाम, धडधड, एकदम भूक, चिडचिड, बोलण्यात गडबड. वैशाखात शेतात असं झालं की सगळे म्हणतात ऊन लागलं, आणि सावलीत झोपवतात. ऊन लागलं असो की नसो, गोळी किंवा इन्सुलिन घेणारा माणूस असेल तर आधी शुगर कमी आहे असं धरा. तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच. मग भाकर-भाजी खायला द्या.

बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, श्वासात जातं. १०८ ला फोन करा.

साखरेची पुडी कमरेच्या पिशवीत कायम ठेवा आणि सोबत वेचणीला येणाऱ्या बायांना सांगून ठेवा की आपल्याला शुगर आहे. हे लपवण्यासारखं नाही.

८. पाय रोज, बाकीचं वर्षातून एकदा

पायाची जाणीव कमी होते आणि कळत नाही. बाभळीचा काटा दिवसभर रुतून राहतो, चप्पल काढल्यावर रक्त दिसतं तेव्हा समजतं. म्हणून रात्री झोपण्याआधी बॅटरीच्या उजेडात तळपाय, टाचेच्या भेगा आणि बोटांच्या बेचक्या बघा. वाकता येत नसेल तर खाली आरसा ठेवा, नाहीतर नातवाला सांगा, त्याचे डोळे चांगले असतात. अनवाणी फिरायचं नाही, अंगणातसुद्धा नाही. मे महिन्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर चालून तळव्याला फोड आलेले लोक मी पाहिलेत. शेतात बंद बूट वापरा, घालण्याआधी झटका. घट्टे ब्लेडने कापू नका, पाय गरम पाण्यात बुडवू नका. बधिरपणा असेल तर एमसीआर चप्पल (मऊ रबरी तळव्याची) कुठे मिळते ते जिल्हा रुग्णालयात विचारा.

वर्षातून एकदा डोळ्यांच्या मागच्या पडद्याची तपासणी करा. दिसतं चांगलं म्हणून टाळू नका, पडदा आतून खराब होत असतो. नवा चष्मा मात्र शुगर जरा स्थिरावल्यावर करा, वर-खाली होत असताना नंबरही बदलतो. किडनीसाठी लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासा. बीपी प्रत्येक भेटीत. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर थुंकी तपासा, शुगर असलेल्यांना टीबी लवकर गाठतो.

९. उपास, लग्नं आणि आजारपण

नवरात्राचे नऊ दिवस धरायचे असतील तर आठवडाभर आधी डॉक्टरला विचारा. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहणं धोक्याचं. आणि साबुदाण्याची उसळ, आलू, वर खजूर, याला उपास म्हटलं तरी शुगरच्या हिशेबात ते जेवणापेक्षा जड आहे. लग्नात बुंदीचा आग्रह होणारच. एक चमचा घ्या आणि वडाभाताला ‘पोट भरलं’ म्हणा.

ताप, उलट्या, जुलाब असताना इन्सुलिन परस्पर थांबवू नका. मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन मात्र अशा वेळी थांबवावी लागू शकते, फोन करून विचारा. सीएचओचा नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा.

खालीलपैकी काही दिसलं तर उद्याची एसटी बघू नका, मिळेल त्या गाडीने निघा:

- आकडा ३०० च्या वर आणि सोबत उलट्या, पोटदुखी किंवा धाप
- गुंगी, बडबड, जागं न होणं
- पायाची जखम काळी पडणं, वास येणं, लाली वर चढत जाणं
- छातीत दाब, अर्धं अंग लुळं पडणं, तोंड वाकडं होणं
- एका डोळ्याने अचानक दिसेनासं होणं

निघताना वही आणि गोळ्यांच्या पट्ट्या सोबत घ्या. इन्सुलिन चालू असेल तर शेवटचं किती वाजता आणि किती टोचलं, हे सोबत येणाऱ्याला माहीत असू द्या.